फाटलेले शीड

माउली, आपली वाट पायांची. तरी भवसागर आणि नौका हे शब्द आपल्या कीर्तनात नेहमी येतात. त्या नौकेचे शीड फाटले तर काय करावे, याचा आज थोडा विचार करू.

नवे शीड विकत घेणे सोपे. पैसे मोजले की काम झाले. जुने शिवायला बसणाऱ्याला मात्र आधी विचारावे लागते, हे फाटले का? शीड दर वेळी वादळानेच फाटते असे नाही. दोरी किंवा डोलकाठी एकाच जागी रोज घासते आणि तिथे कापड झिजते. उन्हाने शिवणीचा दोराही विरतो. ती घासणारी जागा शोधली नाही, तर नवे शीडसुद्धा पुढे तिथेच फाटेल.

मग दुरुस्ती. गोड्या पाण्याने मीठ धुऊन कापड पूर्ण वाळवायचे. फाटलेल्या कडा न ताणता जुळवायच्या. ठिगळ त्याच जातीच्या कापडाचे घ्यायचे, धाग्यांची दिशा मूळ कापडाशी मिळवायची. कोपरे गोल कापायचे, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो. टाका फार आवळला तर चुण्या पडतात. आणि तो धड कापडात घालायचा. ठिगळ टिकते ते भोवतालच्या धड कापडाच्या बळावर.

आपलेही असेच नाही का? भावाशी बोलणे तुटते, दिंडीत मानापमान होतो. मन लगेच म्हणते, दुसरी दिंडी पाहू. पण घासत काय होते? बहुधा आपला ‘मी’. दिंडी बदलली तरी तो बरोबर येतोच.

तर मग नवे कधीच घेऊ नये? तसे नाही. उन्हाने कापड इतके जीर्ण झाले असेल की हाताने ओढताच टरकते, तर ठिगळाच्या कडेलाच ते पुन्हा फाटेल. तेच शीड हट्टाने चढवणे म्हणजे नावेतल्या इतरांचा जीव धोक्यात घालणे. काटकसरीचाही अहंकार होतो, माउली.

म्हणून निर्णय घेताना फाटलेल्या जागेकडेच पाहत बसू नका. भोवतालचे कापड तपासा. राग आहे, पण तो आजारी पडल्याचे कळताच पाय त्याच्या घराकडे वळतात ना? मग कापड धड आहे, शिवता येईल. जिथे रोज नवा घावच मिळतो, तिथे मात्र मनात द्वेष न ठेवता दूर होण्यात पाप नाही.

आपले नामदेवराय शिंपी कुळातले. सुई टोचल्याशिवाय टाका पडत नाही, हे त्या घराला सांगावे लागत नव्हते. तुटलेल्या नात्यात पहिला शब्द आपण बोलायचा, तेव्हा तो आपल्यालाच टोचतो. तेवढे सोसा. यंदाच्या वारीला निघण्याआधी असा एक टाका घालून पाहा.

रामकृष्णहरी.