नगरसेवकास वेतन असावें काय?

लोकांची सेवा करणाऱ्यानें त्या सेवेबद्दल पैसा घ्यावा कीं न घ्यावा, हा प्रश्न जुना आहे. आणि तो शहरांतील विद्वानांनींच सोडवावयाचा आहे असेंहि नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे व भाऊ पोटापाण्यासाठीं मुंबईच्या उपनगरांत राहतात, आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं नांवें आतां खेड्यापाड्यांतहि परक्या मुलखाचीं राहिलेलीं नाहींत. शिवाय आपापल्या गांवीं सरपंच निवडण्याचा प्रसंग आपणां सर्वांवर येतोच. तेव्हां उपनगरांतील नगरसेवकाचें काम व त्याचें मानधन यांचें उदाहरण पुढें ठेवून या प्रश्नाचा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम तें काम केवढें आहे तें पाहूं. सन १९५० मध्यें मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेकडे अंधेरी-जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेकडे भांडुपपर्यंत वाढविण्यांत आली, आणि १९५७ सालीं ती दहिसर व मुलुंड येथपर्यंत जाऊन पोंचली. ज्या वस्त्यांचा कारभार पूर्वीं लहान लहान संस्था पाहत असत, त्या अशा रीतीनें एका प्रचंड संस्थेच्या पोटांत आल्या. या महापालिकेंत लोकांनीं निवडून दिलेले २२७ नगरसेवक असतात. २०११ च्या शिरगणतींत बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ भरली. म्हणजे एकेका नगरसेवकाच्या वांट्यास सरासरीनें सुमारें ५५ हजार माणसें येतात. आपल्याकडे एवढी वस्ती एखाद्या तालुक्याच्या गांवाची असते, आणि तिच्यासाठीं स्वतंत्र नगरपरिषद असते. येथें तेवढ्यांचें गाऱ्हाणें ऐकण्यास एक मनुष्य!

आतां या मनुष्याच्या हातीं सत्ता तरी किती? मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ सालचा आहे. त्या कायद्याप्रमाणें अंमलबजावणीचा अधिकार सरकारनें नेमलेल्या आयुक्ताकडे असतो. नगरसेवकांनीं सभागृहांत व समित्यांत बसून जमाखर्च तपासावयाचा, प्रश्न विचारावयाचे, ठराव करावयाचे. गटार उपसा, रस्ता खणा, नळास पाणी सोडा, असा हुकूम कोणा एका नगरसेवकास स्वतः देतां येत नाहीं. त्यानें मागणी करावयाची व तिचा पिच्छा पुरवावयाचा. परंतु घाटकोपरच्या टेकडीवरील चाळींत जिची घागर रिकामी आहे, त्या बाईस हा भेद कोठून ठाऊक असणार? पावसाळ्यांत ज्याच्या घरामागची दरड हलूं लागली आहे, तो कायद्याचें कलम पाहत बसत नाहीं. तो नगरसेवकाचें दार ठोठावतो. कोणास दाखला हवा, कोणास रुग्णालयांत खाट हवी, कोणाच्या मुलास शाळेंत जागा हवी. जें काम कायद्यानें नगरसेवकाचें, तें सभागृहांत बसून वाचण्याचें व विचार करण्याचें आहे. आणि जें काम लोकांनीं त्याच्यावर घातलें आहे, तें सकाळपासून रात्रीपर्यंत दारीं उभें असतें. दुसऱ्यापुढें पहिलें मागें पडतें, यांत नवल नाहीं.

मोशे दिवसभर एकटाच न्याय करीत बसतो हें पाहून त्याचा सासरा इथ्रो यानें त्यास काय सल्ला दिला, तें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. त्या सल्ल्याचे दोन भाग होते: ओझें वांटून द्यावें, आणि तें लांचेचा तिटकारा असणाऱ्या माणसांवरच द्यावें. पहिला भाग आपल्या राज्यघटनेसहि पटलेला आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असाव्या असें सांगितलें, तें कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणूनच. दुसरा भाग मात्र कायद्याच्या अक्षरानें पुरा होत नाहीं. त्यासाठीं वेतनाचा प्रश्न प्रामाणिकपणें हातीं घ्यावा लागतो.

नगरसेवक हा महापालिकेचा नोकर नव्हे. म्हणून त्यास मिळतें त्याला पगार न म्हणतां मानधन म्हणतात. २०१७ सालीं राज्य सरकारनें मुंबईच्या नगरसेवकाचें मानधन दरमहा १० हजार रुपयांवरून २५ हजार रुपये केलें. हे २५ हजार त्याच्या ५५ हजार माणसांवर वांटून पाहिले, तर माणशीं महिन्यास सुमारें ४५ पैसे पडतात. या दरानें २२७ जणांचें वर्षाचें मानधन ६ कोटी ८१ लक्ष रुपये होतें. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. म्हणजे दहा हजार रुपयांच्या खर्चावर नजर ठेवणाऱ्या सर्वांस मिळून पुरता एक रुपयाहि द्यावा लागत नाहीं. सरपंचाची स्थिति याहून निराळी नाहीं. २०२४ मध्यें आपल्या राज्यांत सरपंचांचें मानधन दुप्पट करण्यांत आलें, तरी दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गांवीं तें महिन्यास ६ हजार, आणि आठ हजारांहून मोठ्या गांवींहि १० हजारच झालें.

येथें कोणी म्हणतील, "सेवेस मोल लावलें कीं ती सेवा उरत नाहीं, तिचा धंदा होतो. ज्यास पैसा पाहिजे त्यानें दुकान घालावें, सभागृहांत येऊं नये." हें म्हणणें हलकें नाहीं, आणि त्याच्या बाजूस मोठीं उदाहरणें आहेत. अंधेरी व बोरिवली यांच्या मध्यें गोरेगांव आहे. तेथील मृणाल गोरे यांनीं वैद्यकीचें शिक्षण अर्ध्यावर टाकून लोकसेवा पत्करली. १९५८ सालीं त्यांचे पति केशव गोरे वारले; तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. १९६१ सालीं त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या, आणि वस्त्यांस पाणी मिळावें म्हणून इतक्या झगडल्या कीं लोक त्यांस 'पाणीवाली बाई' म्हणूं लागले. पुढें त्या विधानसभेंत व लोकसभेंतहि गेल्या. २०१२ सालीं त्यांचें देहावसान झालें. मानधनाच्या आशेनें असें आयुष्य कोणी वेंचीत नाहीं. नहेम्या हा यहूदाचा सुभेदार असतां त्यानें बारा वर्षें सुभेदाराचा भत्ता घेतला नाहीं, कारण लोकांवरील भार आधींच जड होता. पौल हातानें तंबू शिवून पोट भरीत असे.

परंतु या उदाहरणांकडे जरा निरखून पाहावें. नहेम्यानें भत्ता सोडला, तेव्हां त्याच्या पंक्तीस रोज दीडशें माणसें जेवीत होतीं. म्हणजे तो सोडण्याचें सामर्थ्य त्याच्या पदरीं होतें. पौलानें स्वतः घेतलें नाहीं, पण ज्या पत्रांत तो हें सांगतो त्याच पत्रांत, काम करणाऱ्यास निर्वाहाचा हक्क आहे, ही गोष्ट तो मोठ्या आग्रहानें मांडतो. त्याच्या त्यागास मोल आहे तें याचमुळें कीं हक्क होता व तो त्यानें आपण होऊन सोडला. आमच्या मतें सर्व वादाचें मर्म येथें आहे. आपला हक्क सोडणें हा सद्गुण आहे. दुसऱ्याचा हक्क त्याच्या वतीनें आपण सोडून देणें हा सद्गुण नव्हे. जी मंडळी आपल्या उपदेशकाचें वेतन थकविते आणि वर त्यासच त्यागाचा महिमा ऐकविते, ती त्याग करीत नाहीं, तर करविते. नगरसेवकाच्या बाबतींत समाज हेंच करीत असतो.

आणि याचा परिणाम कोणावर होतो? श्रीमंतावर मुळींच होत नाहीं. ज्याचीं भाड्याचीं घरें आहेत, ज्याचा धंदा मुलगे पाहतात, त्यास मानधन असलें काय आणि नसलें काय! परंतु मुलुंडच्या कारखान्यांत काम करणारा मनुष्य, किंवा चार घरचीं भांडीं घासून संसार चालविणारी स्त्री, यांनीं पांच वर्षें दिवसाचे बारा तास लोकांस दिले, तर त्यांच्या घरीं चूल कशी पेटावी? २०१२ च्या निवडणुकीपासून मुंबईंत निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखून ठेवण्यांत आल्या, ही फार चांगली गोष्ट झाली. पण जागा राखली आणि निर्वाह राखला नाहीं, तर त्या जागेवर ज्यांस परवडतें त्यांच्याच घरच्या स्त्रिया बसतील. इंग्लंडांत १८३८ सालीं कामकरी लोकांनीं जी सनद मागितली, तींत पार्लमेंटच्या सभासदांस वेतन असावें ही एक मागणी होती, ती याच कारणास्तव. ती मान्य होऊन वर्षास ४०० पौंड ठरण्यास १९११ साल उजाडावें लागलें. बिनपगारी सभागृह वरून त्यागाचें दिसतें, पण त्याच्या दारावर गरिबास बंदी अशी पाटी न लिहितांच लागलेली असते.

आतां दुसरी शंका. "वेतन वाढविलें म्हणजे लांचलुचपत थांबेल काय?" नाहीं; तसें आम्ही म्हणत नाहीं. लोभाचें भांडें पगारानें भरत नाहीं, आणि पुष्कळ मिळविणारेहि हात पसरतातच. नगरसेवकाचा महापालिकेच्या ठेक्यांत हितसंबंध आढळल्यास त्याचें पद जाईल असें १८८८ च्या कायद्यांतच आहे. तें कलम नीट पाळलें जावें, आणि जमाखर्चाचीं कागदपत्रें कोणासहि पाहतां यावींत. वेतन हें प्रामाणिकपणाची किंमत म्हणून द्यावयाचें नसतें. प्रामाणिक मनुष्यास उपाशी न ठेवण्यासाठीं तें द्यावयाचें, आणि अप्रामाणिकास 'माझें भागत नव्हतें' ही सबब राहूं नये यासाठीं.

परंतु सगळा दोष सरकारच्या माथीं मारून आपण मोकळे होऊं म्हटलें, तर तें न्यायाचें होणार नाहीं. नगरसेवकानें लग्नास यावें व आहेर करावा, उत्सवास वर्गणी द्यावी, क्रिकेटच्या सामन्यास ढाल द्यावी, यात्रेस मोटार द्यावी, ही अपेक्षा कोण करितो? आपणच. खेड्यांतहि सरपंचाकडून हेंच मागितलें जातें. महिन्याच्या मानधनांत हें बसत नाहीं हें मागणाऱ्यास दिसतें. तरी तो मागतो, आणि पैसा कोठून येतो हें विचारीत नाहीं. असें मागणें म्हणजे त्या मनुष्यास दुसरें दार दाखविणेंच होय. पुढें त्या दारानें तो गेला म्हणजे चावडीवर बसून त्यास नांवें ठेवणारेहि आपणच. ज्यानें देणगी घेतली त्यानें आपला प्रश्न विचारण्याचा हक्क तेवढ्यास विकला, हें लक्षांत ठेवावें.

त्या हक्काचें मोल काय असतें हें उपनगरांनीं नुकतेंच अनुभविलें आहे. २०२२ च्या मार्चांत महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, आणि नवीन निवडणूक २०२६ च्या जानेवारींत झाली. मधलीं जवळजवळ चार वर्षें कारभार प्रशासकाच्या हातीं होता. नगरसेवक कोणी नव्हता. याच काळांत, २०२२ च्या नोव्हेंबरांत, अंधेरीचा गोखले पूल नव्यानें बांधण्यासाठीं बंद झाला. २०२४ च्या फेब्रुवारींत त्याची एक बाजू उघडली, तेव्हां ती शेजारच्या बर्फीवाला पुलाशीं जुळेना. दोहोंच्या उंचींत माणसाच्या उंचीएवढें अंतर दिसूं लागलें. पुढें तें दुरुस्त करण्यांत आलें. सभागृह भरत असतें तर ही चूक झालीच नसती असें आम्ही म्हणत नाहीं. पण अंधेरीच्या रहिवाशांच्या वतीनें सभागृहांत उभें राहून 'हें कसें झालें?' असें विचारण्याचा अधिकार असलेला एकहि मनुष्य त्या वेळीं नव्हता. त्या चार वर्षांत मानधनाचे पैसे वांचले. विचारणारा मात्र नाहींसा झाला. हा व्यवहार कोणास स्वस्त वाटत असेल तर वाटो, आम्हांस वाटत नाहीं.

तेव्हां आमचें मत असें: मानधन इतकें असावें कीं मजुरी करणाऱ्या मनुष्यास कर्ज न काढतां पांच वर्षें तें पद संभाळतां यावें; आणि इतकें नसावें कीं केवळ त्याच्यासाठींच कोणी पदाचा हव्यास धरावा. ज्याच्या घरीं आहे त्यानें तें खुशाल घेऊं नये. तो त्याचा मान आहे. पण ज्याच्या घरीं नाहीं त्यानें तें ताठ मानेनें घ्यावें. आणि आपण मतदारांनीं, खेड्यांतील असो कीं उपनगरांतील, आपल्या प्रतिनिधीपाशीं आहेर व वर्गणी न मागतां हिशेब मागावा. पुढल्या ग्रामसभेंत हा एक नियम जरी आपल्या वाचकांनीं स्वतःपुरता पाळला, तरी गांवच्या सरपंचाचें अर्धें ओझें उतरेल, आणि उरलेलें अर्धें तो कसें वाहतो हें आपणांस उघड दिसेल.