सारथ्याची मर्यादा

दुसऱ्याच्या उपयोगी पडणे हा गृहस्थाश्रमाचा एक मुख्य धर्म मानला गेला आहे. अन्न, वस्त्र, औषध आणि विद्या यांचे दान कसे करावे, याचा विचार आपल्या पूर्वजांनी पुष्कळ केला. परंतु प्रत्येक काळ साहाय्याचे काही नवे प्रकार घेऊन येतो, आणि त्यांच्याबरोबर जुनाच धर्मप्रश्न नव्या वेषाने उभा राहतो. आज शेकडो कोस दूर बसलेला मनुष्य दुसऱ्याच्या हातातील टॅब्लेटचा पडदा आपल्या घरी पाहू शकतो. इतकेच नव्हे, तर त्यावर आपले बोटही चालवू शकतो. या सामर्थ्याने कोणाची अडचण दूर करणे हे पुण्यकर्म होय, यात शंका नाही. तथापि ते कसे करावे व कोठे थांबावे, हा प्रश्न उरतोच.

एक उदाहरण घेऊ. असे समजावे की, नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून जयपुरास गेलेले एक वृद्ध गृहस्थ तेथेच स्थायिक झाले आहेत. रेल्वेतून निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षे झाली. पत्नी निवर्तली आहे. नातू पुण्यास नोकरी करतो. नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन उभे राहावे लागे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' ही व्यवस्था सुरू केली, आणि २०२१ च्या नोव्हेंबरपासून चेहऱ्यावरून ओळख पटवून घरबसल्या दाखला देण्याची सोय झाली. नातवाने दिलेला टॅब्लेट आजोबांजवळ आहे. पण कोठे दाबावे हे त्यांना उमगत नाही. ते नातवाला फोन करतात. नातू त्यांच्याकडून एक ॲप उघडवून घेतो, त्यावर दिसणारे अंक विचारतो, परवानगीच्या चौकटीवर बोट ठेवण्यास सांगतो आणि मग म्हणतो, "आजोबा, आता तुम्ही कशालाही हात लावू नका. मी इथून करून टाकतो."

दहा मिनिटांत काम होते. केवळ एक कृत्य नातवाला त्यांच्या वतीने करता येत नाही. कॅमेऱ्यासमोर बसून डोळ्यांची उघडझाप आजोबांनाच करावी लागते. कारण जिवंत असल्याची साक्ष ज्याची त्यानेच द्यावयाची असते. शेवटी आजोबा म्हणतात, "बरं झालं बाबा, तूच केलंस. मला यातलं काही कळत नाही."

यात दोष तो कोणता? नातवाचा हेतू शुद्ध आहे आणि आजोबांचे समाधानही झाले आहे. परंतु कर्माचे फळ केवळ त्या दिवसापुरते पाहावयाचे नसते. त्या दहा मिनिटांत आजोबा दोन गोष्टी शिकले. एक ही की, आपल्याला काही कळत नाही. दुसरी ही की, फोनवरचा आवाज सांगेल ते अंक द्यावेत, परवानगी द्यावी आणि हात बाजूला घ्यावा.

आता महिन्याभराने दुसरा फोन येतो असे समजा. बोलणारा अत्यंत आदराने म्हणतो, "मी पेन्शन कार्यालयातून बोलतो. आपल्या दाखल्यात चूक राहिली आहे. आजच दुरुस्त झाली नाही तर वेतन थांबेल. आपण काळजी करू नका, एक ॲप घ्या, अंक सांगा, बाकी सर्व मी करून देतो." हा चोर आहे. परंतु त्याचे शब्द नातवाच्या शब्दांहून कितीसे वेगळे आहेत? पडदा एकदा त्याला दिसू लागला की बँकेचा संदेश व त्यातील गुप्त अंकही दिसतात, आणि आयुष्यभराची पुंजी क्षणात जाते. याच मार्गाने खाती लुटली जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच देशातील बँकांना दिला होता. दार तेच, किल्ली तीच; आणि त्या दारातून परक्या हाताला आत घेण्याची सवय प्रेमळ आप्ताने लावलेली. साहाय्यातील सूक्ष्म अधर्म म्हणतात तो हाच.

येथे कोणी म्हणेल, "वृद्धाचे हात कापतात, दृष्टी मंद असते. त्याला शिकवीत बसणे हा उलट निष्ठुरपणा नव्हे काय?" ही शंका रास्त आहे. म्हणून असामर्थ्य आणि संकोच यांत भेद केला पाहिजे. ज्याच्या बोटांत खरोखर बळ नाही, त्याच्यासाठी काम करणे ही सेवा होय. परंतु ज्याला केवळ भीती वाटते, त्याचे काम परस्पर उरकणे ही सेवा नव्हे. ती आपल्या वेळेची बचत आहे, आणि तिला आपण सेवेचे नाव देतो. आपल्याच मनाला विचारावे: मी पडदा हाती घेतला तो त्यांना जमेना म्हणून, की माझा धीर सुटला म्हणून?

भारतीय युद्धातील रथाकडे पाहावे. लगाम श्रीकृष्णाच्या हाती आहेत, धनुष्य अर्जुनाच्या हाती. सारथ्याने अठरा अध्याय उपदेश केला, आणि अखेरीस पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे करण्याचे स्वातंत्र्य अर्जुनालाच दिले. तथापि प्रत्यक्ष भगवंतांच्याही सारथ्याची कसोटी लागलीच. अर्जुन भीष्मांशी मवाळपणे लढतो असे पाहून युद्धाच्या तिसऱ्या व पुन्हा नवव्या दिवशी ते रथाखाली उडी टाकून स्वतःच भीष्मांवर धावले. तेव्हा त्यांना अडविले कोणी? अर्जुनाने. त्याने त्यांना घट्ट धरले आणि आपले कर्म आपण करू असे वचन दिले. भगवंत रथावर परतले. लगाम धरणाऱ्याने मर्यादा सोडली तर धनुष्य धरणाऱ्याने ती सांभाळावी, हा उभयपक्षी धर्म यात दिसतो.

संजयाचे उदाहरण तर या विषयाला अधिकच जवळचे आहे. दूरवरचे रणांगण पाहण्याची शक्ती व्यासांनी प्रथम धृतराष्ट्राला देऊ केली. त्याने ती नाकारल्यावर संजयाला दिली. संजयाने ती पाहण्यासाठी व सांगण्यासाठीच वापरली. आणि दुर्योधन पडताच ती दिव्यदृष्टी नाहीशी झाली. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचे सामर्थ्य अनुज्ञेने मिळावे, प्रयोजनापुरते वापरावे आणि प्रयोजन संपताच टाकून द्यावे. साहाय्य संपल्यावर जोडणी बंद करणे, दिलेली परवानगी काढून घेण्यास सांगणे आणि वाटेत दिसलेल्या पत्रांविषयी वा छायाचित्रांविषयी मौन पाळणे, हे याच नियमात येते.

साहाय्य घेणाऱ्याचे कर्तव्य मात्र त्या वृद्ध गृहस्थांना त्यांच्याच नगरात पाहावयास मिळेल. जयपूर वसविणारे सवाई जयसिंह यांनी ज्योतिषविद्येच्या ओढीने पोर्तुगालला माणसे धाडली आणि फ्रेंच ज्योतिषी ला हीर याची कोष्टके मिळविली. दूरच्या ज्ञानाचा त्यांनी तिरस्कार केला नाही. परंतु ते डोळे मिटून स्वीकारलेही नाही. आपल्या वेधांशी ताडून पाहिले, तेव्हा त्या कोष्टकांतील चंद्राचे स्थान सुमारे अर्ध्या अंशाने चुकलेले आढळले. जयपूरच्या जंतरमंतरात सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राटयंत्र आजही उभे आहे. त्याची छाया कोणाच्या शब्दावर विसंबून वाचावी लागत नाही; पाहणारा स्वतःच्या डोळ्यांनी वाचतो. विद्या कोठूनही घ्यावी, पारख आपल्या हाती ठेवावी.

यावरून आचरणाचे काही नियम निघतात. साहाय्य करणाऱ्याने पडदा पाहावा, बोट मात्र समोरच्याचे चालू द्यावे. एका वेळी एकच पायरी सांगावी. चूक झाली तर हसू नये, उसासाही टाकू नये. कारण दूर असलेल्याला चेहरा दिसत नाही, आवाजच टोचतो. साहाय्य घेणाऱ्याने विचारण्यास लाजू नये. आपण होऊन फोन केला असेल तरच पडदा दाखवावा; समोरून आलेल्या फोनला कधीही दाखवू नये. त्यातूनही फसवणूक झालीच, तर लपवून न ठेवता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

पुढचा नोव्हेंबर येतो असे समजू. या वेळी नातू म्हणतो, "आजोबा, सावकाश होऊ द्या. आता पडद्यावर काय दिसतं ते मला वाचून दाखवा." दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागतो. दोनदा चुकते, तिसऱ्यांदा जमते. आजोबा दाखल्याचा क्रमांक स्वतःच्या हाताने वहीत उतरून घेतात. नंतर कधी तो गोड आवाजाचा फोन आलाच आणि "लवकर करा, मी करून देतो" असे कोणी म्हणाले, तर आजोबांना ती बोली अनोळखी वाटेल. ते म्हणतील, "माझा नातूसुद्धा मला घाई करत नाही," आणि फोन ठेवून देतील.

तो पाऊण तास हेच खरे दान होय.