न आठवणारे जागरण

रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात एक तरुण दांपत्य आम्हांस भेटले. (पापनिवेदनात नव्हे, अंगणात, आणि येथे लिहिण्यास त्यांची संमती आहे.) दोघेही नोकरीनिमित्त रोज चर्चगेटपर्यंत लोकलने ये-जा करणारी. त्यांची चार वर्षांची मुलगी झोपल्यावर दीड-दोन तासांनी किंचाळत उठून बसते. डोळे सताड उघडे, अंग घामाने निथळलेले. आई जवळ घेऊ जाते, तर तिलाच लाथा मारून दूर लोटते. दहा मिनिटांनी काही घडलेच नाही अशी आडवी होते. सकाळी तिला त्यातले काही ठाऊक नसते. आईवडील मात्र पहाटेपर्यंत छताकडे पाहत पडलेले.

आजीने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली होती. ते ऐकून आम्ही मनातल्या मनात हसलो आणि लगेच विचारले, "झोपण्यापूर्वी घरात जपमाळ होते ना?" त्या माउलीची मान खाली गेली. तो प्रश्न आजही आम्हांला बोचतो. आजीच्या मिरच्या आणि आमचा प्रश्न यांत फरक तो काय? दोन्हींचा रोख एकच, की कुणाचे तरी काहीतरी चुकले आहे. जपमाळ घराघरांत हवीच. पण लेकराच्या किंकाळीचा दोष आईच्या पदरी घालण्यासाठी नव्हे.

पुढे बालरोगतज्ज्ञांनी त्यांना नीट समजावले. डॉक्टर याला 'नाइट टेरर' म्हणतात. दुःस्वप्न निराळे. ते बहुधा उत्तररात्री पडते, मूल जागे होते, त्याला ते आठवते आणि ते आईला बिलगते. हा प्रकार रात्रीच्या पहिल्या भागातील गाढ झोपेत घडतो. शरीर अर्धवट जागते, भान मात्र जागत नाही. पुष्कळदा आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी असेच होत असे, असेही आढळते. ताप, अपुरी झोप यांनी प्रकार वाढतो. वयाबरोबर बहुतेक मुलांचा तो आपोआप थांबतो. अशा वेळी मुलाला गदागदा हलवून जागे करू नये. ते पडणार-आपटणार नाही एवढे पाहत शांतपणे जवळ राहावे. रोज निजण्याची वेळ अलीकडे आणावी. मूल मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल किंवा हातपाय झटके देत असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवण्यास विलंब नको.

एवढे कळल्यावर भीती गेली. प्रश्न उरला, तो त्या आईने विचारला. "फादर, ती मला ओळखत नाही, जवळ येऊ देत नाही, आणि सकाळी तिला आठवतही नाही. मग मी बसते ती कुणासाठी?"

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्विनस यांचे एक मत आम्ही पाठ केले होते. झोपेत विवेक बांधलेला असतो, म्हणून झोपेतील कृत्याचा दोष माणसास लागत नाही. परीक्षेत त्यावर गुणही मिळाले. ते एखाद्या आईच्या उपयोगी पडेल, हे तेव्हा सुचले नव्हते. लेकराने लाथ मारली म्हणजे त्याने आईला नाकारले असे नव्हे. तेथे नाकारणारे कुणी जागेच नसते.

पण आईचा प्रश्न याहून खोल होता. जे स्मरणात राहणार नाही, ते प्रेम वाया गेले काय? संत ऑगस्टीन यांनी इ. स. 400 च्या सुमारास आपल्या 'कन्फेशन्स' ग्रंथात आरंभीच कबूल केले आहे की, आपले तान्हेपण आपल्याला आठवत नाही. ते इतरांच्या सांगण्यावरून मानावे लागते. एवढा मोठा महात्मा, पण आपण कुणाच्या दुधावर वाढलो हे ऐकीव माहितीवर लिहितो! आपणा सर्वांचे तसेच आहे. ज्या स्नानसंस्काराने आपण ख्रिस्तसभेत आलो, तो तरी कितीजणांना आठवतो? बेशुद्ध रुग्णाच्या कपाळाला आम्ही पवित्र तेल लावतो, तेव्हा त्याला ते कळते की नाही, हे विचारत बसत नाही.

मात्र येथे थांबलो असतो, तर ते व्यासपीठावरचे प्रवचन झाले असते. कारण त्याच वेळी मुलीचा बाप हळूच म्हणाला, "एका रात्री मी तिला थप्पड मारली, फादर. सकाळी ती हसत मांडीवर येऊन बसली. तिला आठवत नाही, हे बरे की वाईट?"

आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही. जे न आठवणारे प्रेम वाया जात नाही म्हणतो, त्यांनी न आठवणारी थप्पडही पुसली गेली असे म्हणू नये. थकव्याने दोष हलका होतो, नाहीसा होत नाही. गेथसेमनीच्या बागेत शिष्य झोपले, तेव्हा प्रभूने त्यांना खडसावले आणि त्याच दमात देहाच्या दुबळेपणाचीही दखल घेतली. दोन्ही गोष्टी एकत्र धरणे आम्हां माणसांना जमत नाही. त्या गृहस्थांना आम्ही एवढेच विचारले, "रात्री उठते कोण?" उत्तर ठाऊकच होते. बाई रोज उठायची. तो त्या एकाच रात्री उठला होता. आमच्या कुटुंबांतून बाळंतपणाबरोबर जागरणही बाईच्याच वाट्याला दिले जाते, आणि आम्ही धर्मगुरू मंडळी त्याला मातृत्वाचा महिमा म्हणून मोकळे होतो. राग संयमाने जिंकावा, हे खरेच. पण पाच रात्रींची झोप गमावलेल्या माणसाने आधी एक रात्र झोपावे आणि दुसऱ्याने जागावे, हाही न्यायाचाच भाग आहे.

पावसाळ्यानंतर ती दोघे पुन्हा भेटली. एक आड एक रात्र आता बाप मुलीच्या खोलीत जमिनीवर अंथरूण घालतो. किंकाळ्या कमी झाल्या आहेत, थांबलेल्या नाहीत. परवा सकाळी मुलीने विचारले, "पप्पा, तुमची उशी इथं कशी?"

"विसरलो वाटतं," असे म्हणून त्याने ती उचलली.