मुलाचे गुण हें आईबापांचें येणें आहे काय?



मृग लागला कीं आपल्या वऱ्हाडांतील शेतकरी कुटुंबापुढें दोन खर्च एकदम उभे राहतात. एक बीबियाण्याचा व दुसरा मुलांच्या शिक्षणाचा. कोरडवाहू कपाशी व तूर ह्यांवर घर चालविणारा बाप कर्ज काढून मुलास अकोल्यास किंवा अमरावतीस खोली घेऊन देतो, खाजगी शिकवणीची फी भरतो, आणि आई अंगावरचा एखादा दागिना मोडते. हा त्याग खरा आहे. त्याची थट्टा करणें आम्हांस शोभणार नाहीं. परंतु पुढें त्यास एक वाक्य जोडलें जातें: "आम्हीं तुझ्यासाठीं एवढें केलें, आतां तूं एवढे गुण आणलेच पाहिजेत." ह्या वाक्यासरशीं जें दान होतें तें कर्ज होतें, आणि मूल ऋणको ठरतें. हें न्याय्य आहे काय?

कर्ज घेणारा मनुष्य सावकाराकडे आपल्या पायांनीं जातो, व्याज ऐकतो, मग अंगठा करतो. पंधरा वर्षांच्या मुलानें असें कांहींच केलेलें नसतें. कोणी म्हणेल, मग मुलावर आईबापांचें कांहींच ऋण नाहीं काय? आहे. त्यानें मनापासून अभ्यास करावा, खोटें बोलूं नये, घरच्यांचे कष्ट विसरूं नयेत, हें मागण्याचा त्यांस अधिकार आहे. फळ मात्र मागतां येत नाहीं, कारण तें सर्वस्वीं त्याच्या हातीं नाहीं. आणि ही गोष्ट शेतकऱ्याहून अधिक कोणास ठाऊक असावी? सन २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कपाशीची धूळधाण केली. पेरणी, निंदण, फवारणी सर्व झालें होतें. बोंड बाहेरून हिरवें व भरलेलें दिसे. फोडून पाहिलें म्हणजे आंत अळी. त्या वर्षीं शेतकऱ्यास आळशी म्हटलेलें आपण सहन केलें नसतें.

मुलाच्या मनाचेंही कधीं कधीं असेंच होतें. पुस्तक पुढें उघडें असतें, पण तासभर पान उलटत नाहीं. रात्रीं झोंप नसते, अन्न गोड लागत नाहीं, ऐन शाळेच्या वेळीं पोट दुखूं लागतें, जिवलग सोबत्यांशींही बोलणें बंद होतें, लहानशा शब्दानें राग येतो किंवा डोळे भरतात. हें दोनचार दिवस चाललें तर फार चिंता नको. वयच तसें आहे. परंतु दोन आठवडे टिकलें तर तो आळस नव्हे, आजार असूं शकतो, असें वैद्यकशास्त्र सांगतें. खिन्नतेनें लक्ष व स्मरण दोन्ही दुबळीं होतात, म्हणून गुण घटतात. गुण घटले म्हणून घरीं बोलणीं बसतात. त्या बोलण्यांनीं खिन्नता आणखी वाढते. अशा मुलास दटावणें म्हणजे हिंवतापाच्या रोग्यास "कांपूं नको" म्हणून दरडावण्यासारखें आहे.

सन २०२२ सालीं आपल्या देशांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आपला जीव दिला, व त्यांत सर्वांत अधिक महाराष्ट्रांतील होते, असें सरकारी नोंदी सांगतात. प्रत्येकाचें कारण परीक्षाच होतें असें आम्ही म्हणत नाहीं. अशा दुःखाचें कारण क्वचितच एक असतें. तथापि जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें शिकवणी वर्गांस सुद्धां बजावलें कीं, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या करूं नयेत व त्यांस चारचौघांत लाजवूं नये. शिकवणीवाल्यांस सांगावयास न्यायालय आहे. ओसरीवर बसून शेजाऱ्याच्या मुलाचे गुण मोजणाऱ्या आपणांस कोण सांगणार?

आतां उपदेशक बंधूंसाठीं दोन शब्द. असें मूल दिसलें कीं कित्येक घरीं प्रथम बाहेरची बाधा आठवते, आपल्या लोकांत केवळ प्रार्थना करतात, आणि डॉक्टर सर्वांच्या शेवटीं. प्रार्थना अवश्य करावी. पण पाय मोडलेल्यासाठीं प्रार्थना करून आपण त्यास दवाखान्यांतही नेतोंच. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयांत व अमरावतीच्या इर्विन रुग्णालयांत मनाच्या आजारावर उपचार होतात. जाणें लगेच शक्य नसेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनें चालविलेली 'टेलिमानस' सेवा आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठींतही बोलतां येतें.

खेड्यांतील लोक अशी मदत घेणार नाहींत, ही समजूत खरी नव्हे. विदर्भांतीलच ३० खेड्यांत 'विश्राम' नांवाचें काम झालें. त्यांत गांवांतल्या साध्या माणसांस मनाचें दुःख ओळखण्यास व ऐकून घेण्यास शिकविलें होतें. अठरा महिन्यांच्या अंतरानें केलेल्या दोन पाहण्यांत, खिन्नतेनें पीडित असून मदत घेणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ४ वरून २७ वर गेलेलें आढळलें. हा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. तें काम प्रौढांसाठीं होतें हें खरें. पण ज्या घरीं बाप आपलें दुःख बोलूं लागतो त्या घरीं मुलासही बोलणें सोपें जात असावें, असें आम्हांस वाटतें.

दहावींत जो नापास झाला त्यास निकालानंतर थोड्याच आठवड्यांनीं पुरवणी परीक्षेस बसतां येतें, हें पुष्कळ पालकांस अद्याप ठाऊक नसतें. उपदेशकानें निकालाच्या संध्याकाळींच अशा घरीं जाऊन तें सांगावें. गुणपत्रिका मागूं नये. मूल जेवलें काय, एवढें विचारावें.