खोपीचे जोते

वाडीत अवजारे ठेवण्यासाठी पत्र्याची लहानशी खोपी उभारायची ठरली, की दाराच्या रंगाची चर्चा घरात दोन दिवस चालते आणि जोत्याचा विचार मात्र गवंड्यावर सोपवला जातो. जे वर दिसते त्याचे पैसे देताना आपला हात सैल सुटतो. जे मातीत पुरले जाते तिथे घासाघीस सुरू होते. न दिसणाऱ्या कामासाठी कोण कोणाचे काय देणे लागतो, हा प्रश्न खोपीएवढ्या बांधकामातही टळत नाही.

ते काम काय असते, हे आधी पाहू. ८ फूट बाय ६ फूट जागा आखली, तर तिरप्या कोपऱ्यांना ताणलेल्या दोन्ही दोऱ्या बरोबर १० फूट भरल्या पाहिजेत. नाहीतर चौकोन वाकडा होतो आणि पुढे पत्रा कुठेच धड बसत नाही. वरची मुळांनी भरलेली माती वीतभर काढावी लागते, कारण तिच्यातील पालापाचोळा कुजून जागा खचते. (ती माती फेकू नये, वाफ्यांना हवीच असते.) मग मुरूम चार-चार बोटांच्या थरांनी पसरून, पाणी शिंपडून, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकायचा. सगळा मुरूम एकदम ओतून वरून ठोकला, तर वरचा पापुद्रा तेवढा घट्ट होतो आणि पोट भुसभुशीत राहते. पहिल्या दिवशी दोन्ही जोती सारखीच दिसतात. फरक कळतो तो एक-दोन पावसाळ्यांनंतर.

अशा वेळी मजुराच्या सचोटीवर प्रवचन झोडणे सोपे असते. आमच्या मते दोष मालकाच्या मापातही आहे. काम उक्ते देऊन ‘संध्याकाळपर्यंत उरका’ असे बजावणारा मालक थर ठोकायला लागणाऱ्या वेळाचे पैसेच देत नाही. ज्या काळजीचे मोल दिले नाही, ती मागण्याचा त्याला अधिकार कितपत? खडकावरच्या घराचा दाखला मत्तय आणि लूक या दोघांच्याही शुभवर्तमानांत आहे. मत्तयाकडे शहाणा मनुष्य खडकावर घर बांधतो, एवढेच. लूककडे तो आधी खोल खणतो. आम्हाला लूक अधिक जवळचा वाटतो. खणायला घाम लागतो, आणि तो कुणाचा तरी असतो.

याचा उलटा अतिरेकही आहे. फावडी-कुदळींसाठी फूटभर जाडीचे काँक्रीट ओतणे ही सचोटी नव्हे, हौस आहे. तेवढ्या जागेत पाणी जिरणे थांबते. आणि उंच जोत्यावरून उतरलेले पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरले, तर आपल्या कोरड्या खोपीची किंमत तो मोजतो. हलक्या खोपीला आधार हवा तो भार पेलण्यापेक्षा धरून ठेवण्यासाठी. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा वाऱ्याने पत्र्यांचे काय होते ते सर्वांनी पाहिले. चार कोपऱ्यांचे खांब दीड-दोन फूट खोल काँक्रीटमध्ये बसवावेत, मध्ये ठोकलेला मुरूम, वर साधी फरशी, जमिनीपासून वीतभर उंची, आणि पाण्याला उतार आपल्याच वाडीतील चराकडे. खोपीला एवढे पुरते.

खांबांभोवतीच्या काँक्रीटवर मात्र आठवडाभर पाणी मारावे लागते. मजूर तोवर दुसऱ्याच्या वाडीत कामाला लागलेला असतो. सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन मालकालाच जावे लागते.