शेंड्याचं नवंजुनं

संक्रांतीचे तीळ अंगी लागण्याआधीच आमच्या धाराशिवकडचा कोरडा वारा डोक्यातलं तेल पिऊन मोकळा होतो. फेब्रुवारीत शिवारात ज्वारीचा कडबा होतो आणि घरोघरच्या डोक्यांवरही त्याच जातीचं पीक उभं असतं. माझ्या डोक्यावर लागवडीखालचं क्षेत्र फारसं उरलेलं नाही, त्यामुळे या विषयावर मी निःपक्षपातीपणे लिहू शकतो.

तर या दिवसांत केस-दुरुस्ती सुरू होते. थंडीत थिजलेली खोबरेलाची बाटली उन्हात बसते, शिकेकाई भिजते, आणि हल्ली दुकानातून एक बाटली येते, तिच्यावर 'रिपेअर' असं छापलेलं असतं. मी पडलो कॉमर्सचा. 'रिपेअर' दिसलं की खर्च महसुली की भांडवली, हे ठरल्याशिवाय मला चैन पडत नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, की कातडीबाहेर आलेला केस मेलेलाच असतो! जिवंत काय ते आत, मुळाशी. वरचं सगळं केराटिन, नखं-शिंगं ज्याची होतात तेच. मोडलेलं हाड सांधतं, दुभंगलेला केस सांधत नाही. तो कापायचा. बाटलीतला माल फक्त पातळ लेप चढवतो. चार धुण्यांत लेप उतरला, की कडबा पुन्हा कडबा.

म्हणजे मेलेल्याला जिवंत दाखवायचं. आम्हां बँकवाल्यांकडे याला फार जुना शब्द आहे : नवंजुनं. मार्च आला की थकलेलं पीककर्ज एका हातानं भरून घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं नवं मांडायचं. या दोन हातांच्या मध्ये शेतकऱ्यानं दोन दिवसांसाठी कुठून पैसे आणले, हे विचारायचं नसतं. थोड्या मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की खातं एनपीए होतं, तो शिक्का टळतो. खातं कसं तुळतुळीत दिसतं.

आता प्रश्न असा, की हे खोटं आहे का? आमच्या शाखेतले एक सोवळे वरिष्ठ म्हणत, "सरळ खोटं! मेलेलं आहे तर मेलेलं लिहा." त्यांचं चुकत नव्हतं. पण एकदा काउंटरपलीकडून एक आजीबाई म्हणाल्या, "सायेब, शेंडा वाळला आसंल, मूळ जित्तं हाय की." त्यांचं सोयाबीन पावसानं ताण देऊन घालवलं होतं, रान मात्र जागेवर होतं. वरिष्ठांनी चष्मा पुसला आणि फॉर्म पुढे ओढला. खोटेपणाच्या व्याख्येत तिथं काहीतरी हललं, असं मला वाटतं.

कारण केस हे प्रकरण साधं नाही. तो महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. आमच्या सौ.ची वेणी कमरेपर्यंत, धरा सत्तर सेंटिमीटर. म्हणजे तिचा शेंडा जवळजवळ सहा वर्षांचा झाला. जिल्ह्याचं नाव बदललं २०२३ साली. तेव्हा हिशेब मांडा : मूळ धाराशिवचं, शेंडा उस्मानाबादचा, आणि वेणी एकच! रेकॉर्डला कोणतं नाव लावायचं? (सौ.नं माझंच लावलंय, तो विषय वेगळा.)

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. त्यांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. नामदेवांना राग आला म्हणतात. मला मात्र नेहमी वाटतं, त्या सबंध मेळ्यात आकार बदलण्याची सोय फक्त त्यांनाच उरली होती. भाजलेलं मडकं कुठलं पुन्हा चाकावर चढायला? केसाचं तेच. मूळ कच्चं, शेंडा भाजलेला. भाजलेल्याला जपायचं असतं, दुरुस्त करतो म्हणायचं नसतं. माझी तक्रार बाटलीतल्या मालाबद्दल नाहीच, तिच्यावरच्या शब्दाबद्दल आहे.

जपण्याचं म्हणाल, तर आपलं खोबरेल थोडं प्रामाणिक निघालं. मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली छापलेल्या कामात दिसलं, की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुण्याआधी लावलं तर केसातलं प्रथिन कमी झिजतं. सूर्यफुलाच्या तेलाला ते जमलं नाही. हे संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीचेच, ही नोंद ऑडिटच्या सवयीनं करून ठेवतो. पण तेही 'दुरुस्ती' म्हणाले नाहीत, झीज कमी होते एवढंच म्हणाले. घसाऱ्याचा दर खाली आणणं ही काही लबाडी नव्हे.

एवढं ऐकवल्यावर सौ.नं कात्री आणि आरसा पुढ्यात ठेवून विचारलं, "मग किती कापायचे?" राईट-ऑफ करायचा म्हटलं की माझा हात जड होतो. मी दोन बोटं म्हणालो. तिनं आरशात पाहून चार बोटांवर खूण केली. मी म्हटलं, निदान उन्हाळा जाऊ दे. प्रस्ताव सध्या विचाराधीन आहे, आणि तोवर खोबरेलाची बाटली उन्हातच आहे.