विठोबा कोण होणार?

जूनच्या मध्याला शाळा उघडते, वह्यांना कव्हरं घालून होतात न होतात तोच आषाढी येऊन ठेपते. प्राथमिक शाळेतला वर्षातला पहिला मोठा उपक्रम म्हणजे दिंडी. उत्तन, चौक, डोंगरी या आमच्या पट्ट्यात तिला गर्दी चांगली होते, त्याला कारण मासेमारीची बंदी. १ जून ते ३१ जुलै बोटी वर ओढलेल्या, त्यांच्यावर ताडपत्री, आणि बाप्ये माणसं बंदरावर जाळी सांधत बसलेली. एरवी पालकसभेला ज्यांचं तोंड दिसत नाही, ते बाप दिंडीला मात्र कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभे असतात.

मी या पट्ट्यातल्या मराठी शाळांत शिकवून आता निवृत्त झाले. मी कोळी ख्रिस्ती. रविवारी मिस्सा चुकवत नाही आणि आषाढीला मुलांपुढे टाळ वाजवत चालायलाही कधी लाजले नाही. वर्गात कोळी ख्रिस्ती मुलं, आगरी मुलं, पालघरकडून बोटीवर कामाला आलेल्या खलाशांची मुलं, दोनचार मुसलमान घरांतली. अशा वर्गात दरवर्षी एक प्रश्न यायचा: विठोबा कोण होणार? शिक्षकांना तो वेशभूषेचा प्रश्न वाटतो. मला तो हळूहळू धर्माचा प्रश्न वाटू लागला, तोही बराच अवघड.

विठोबाचं काम दिसतं सोपं, असतं कठीण. संवाद नाही, नाच नाही. नुसतं विटेवर उभं राहायचं. तिसरी-चौथीच्या मुलाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. एका वर्षी वर्गात असा उभा राहू शकणारा एकच मुलगा होता आणि तो ख्रिस्ती होता. घरी विचारलं, आई हो म्हणाली. पुठ्ठ्याचा मुकुट झाला, मग कुंडलं आली. विठोबाच्या कानातली मकरकुंडलं माशासारखी दिसतात, असं मी बोलून गेले आणि वर्गाने विषय ताब्यात घेतला. मासा म्हणजे कुठला मासा? कोळ्याच्या पोरांना ‘मासा’ एवढ्यावर भागत नाही. बोंबील कोणीतरी सुचवला, तर दुसरा म्हणाला, तो कानात लोंबेल. घोळ फार मोठी. शेवटी पापलेट ठरला, कारण तो चपटा, गालाला नीट लागून बसतो. (२०२३ साली सरकारने पापलेटला राज्यमासा केलं. आमच्या वर्गाने त्याला त्याआधीच वरच्या जागी नेऊन बसवलं होतं.) एका मुलीने दुभंगलेली शेपटी आणि परांच्या रेघासुद्धा काढल्या.

दिंडीच्या दिवशी तो विटेवर उभा राहिला, हात कमरेवर. पाऊस भुरभुरत होता. मुकुटाचा पुठ्ठा भिजला आणि मुकुट घसरत घसरत एका डोळ्यावर आला. त्याची आई कंपाउंडपाशी उभी होती, तिथून ओरडली, “अरे हात लाव ना, सावर!” तो हलला नाही. एक डोळा झाकलेला, दुसऱ्याने समोर बघतोय. सगळं आटपल्यावर मी विचारलं, हात का नाही लावलास? “बाई, विठोबा हात काढतो काय?”

आता हे काय म्हणायचं? तो विठोबाचा भक्त नव्हता, त्याच्या घरी विठोबा नाही. तेव्हा प्रार्थना म्हणता येत नाही. पण नाटक म्हणावं, तर नाटकातला नट मुकुट सावरतो. मग खोटं होतं? तेही नाही, खोटं करणारा इतका त्रास करून घेत नाही. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देवाचा मुखवटा चढवून सोंग नाचतं तेव्हा लोक त्या सोंगालाच हात जोडतात. मुखवट्याखाली कोण आहे हे त्यांना ठाऊक असतं, तरीही जोडतात. तिथे निदान करणारा आणि बघणारा एका देवाचे असतात. आमच्याकडे तेवढाही आधार नव्हता.

आमच्या चर्चच्या इतिहासात एक गोष्ट आहे. चौथ्या शतकाच्या शेवटी, पाचव्याच्या सुरुवातीला लिहिणाऱ्या रुफिनसने ती नोंदवली. अलेक्झांड्रियाच्या समुद्रकिनाऱ्यावर पोरं खेळत होती. खेळ होता बाप्तिस्म्याचा, आणि अथनेशियस नावाचा मुलगा बिशप झाला होता. खऱ्या बिशपांनी, अलेक्झांडर यांनी, ते लांबून पाहिलं, मुलांना बोलावून चौकशी केली. कोणते प्रश्न विचारले, कशी उत्तरं दिली, पाणी कसं घातलं. सगळं यथासांग झालेलं निघालं, तेव्हा त्यांनी निकाल दिला की या मुलांना पुन्हा पाणी घालायचं नाही, बाप्तिस्मा झाला आहे. इतिहासकार या गोष्टीला दंतकथा म्हणतात, आणि असेलही. पण खेळ खरा ठरवायची तयारी ती सांगणाऱ्यांत होती, हे मला मोठं वाटतं. वाळूवर पोरांनी केलेल्या गोष्टीला बिशपांनी “गंमत आहे हो, उपक्रम आहे” म्हणून उडवून लावलं नाही.

मराठीत याच्या बरोबर उलटी गोष्ट आहे, लहानग्या नामदेवाची. घरच्यांनी नैवेद्याचं ताट देऊन देवळात पाठवलं. मोठी माणसं रोज तेच करायची: ताट देवापुढे ठेवायचं, पाणी फिरवायचं, ताट घरी आणायचं, आपण जेवायचं. पोराला वाटलं, देव जेवतो. तो हटून बसला, जेव म्हणून, आणि देवाला जेवावं लागलं. ही गोष्ट आपण भाबड्या भक्तीची म्हणून सांगतो. मला तिच्यात वेगळंच दिसतं. तिथे सोंग करत होती ती मोठी माणसं. मुलाने फक्त त्यांचं म्हणणं खरं धरलं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की शाळेतल्या उपक्रमांकडे बघायची माझी नजर बदलते. आम्ही शिक्षक दिंडी कशासाठी काढतो? परंपरेची ओळख, सर्वधर्मसमभाव, सहभाग, असं अहवालात लिहितो. २०२४ पासून पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आहे, त्यातही असे उपक्रम बसवता येतात. सगळं ठीक. पण प्रत्यक्षात काय होतं, तर पालखी निघायच्या आधी फोटो. टाळ वाजवू नका, आधी इकडे बघा. विठोबा, हस. ग्रुपवर फोटो गेला की मोठ्यांच्या लेखी दिंडी संपली. ती पुढे गेटपर्यंत जाते ती मुलांच्या हौसेने. डिसेंबरात नाताळच्या गोठ्याचं तेच, आणि शीरखुर्म्याच्या वाट्या ओळीत मांडून काढलेल्या ईदचंही तेच. फोटोपुरती सगळ्यांना समान वागणूक. मुलांना परक्याचा धर्म शिकवला जाईल याची लोकांना भीती वाटते. मला जास्त भीती याची वाटते, की कुठलाही धर्म कॅमेऱ्यासाठी कसा करायचा हे ती आमच्याकडून शिकतील.

म्हणून नकार देणाऱ्या पालकाचा मला राग येत नाही. एका वर्षी एका बापाने स्पष्ट सांगितलं, “बाई, पोरगी दिंडीत नाय चालणार. देवाचं काम आहे, खेळ नाय.” एका तरुण शिक्षिकेने त्याला समजावलं, अहो, नुसता उपक्रम आहे, त्यात धर्म कुठे आला? मला वाटलं, या दोघांत दिंडीला मान देणारा तोच आहे. त्याने तिला काहीतरी खरं मानलं, म्हणूनच तर नाही म्हणाला. पास्कलने सतराव्या शतकात लिहून ठेवलंय, की विश्वास बसत नसेल तर बसल्यासारखं वागा, पवित्र पाणी घ्या, मिस्सा सांगा, विश्वास मागून येईल. शरीर जे करतं ते मनात झिरपतं. हे खरं असेल तर त्या बापाची काळजी खुळी नाही.

संविधानाचं २८वं कलम याच जागेवर उभं आहे. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही, आणि मान्यतेच्या किंवा अनुदानाच्या शाळेतही कोणाला धर्मोपासनेला बसायची सक्ती नाही. संमती हवी, मूल अज्ञान असेल तर पालकाची. १९८५ साली केरळात तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. यहोवाचे साक्षीदार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथाची ती मुलं राष्ट्रगीताला अदबीने उभी राहायची, पण गायची नाहीत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. रोजच्या परिपाठात किती मुलं नुसते ओठ हलवतात हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. ओठ हलवणाऱ्यांना कधी कोणी काढत नाही. ज्यांनी शब्दांना किंमत दिली, त्यांच्यावर मात्र कोर्टात जायची वेळ आली.

परिसर भेटीला आम्ही मुलांना चौकच्या धारावी किल्ल्यावर न्यायचो. १७३९ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला, खाडीपलीकडचा वसईचा किल्लाही त्याच साली पडला. ही मोहीम चालवणाऱ्या चिमाजी अप्पांचा पुतळा आहे चौकला. वसईच्या चर्चमधल्या घंटा मग नाशिकच्या नारोशंकराला, भीमाशंकरला, मेणवलीला गेल्या. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरिया अजून आहे. हे सांगितलं की ख्रिस्ती मुलं गप्प व्हायची आणि मग कोणीतरी विचारायचंच, “मग ती आता कोणाची?” घंटेचं उत्तर मला देता यायचं: जो वाजवील त्याची. तिला मन नाही, मिस्सा आणि आरती तिला सारखीच. मुलाला विटेवर उभं केलं की हे उत्तर पुरत नाही. तो घंटा नाही. त्याच्यावर आधीचं कोरलेलं आहे आणि ते त्याला वाचता येतं.

तेव्हा मी आपले काही नियम करून घेतले. घरी विचारल्याशिवाय कोणाला देव करायचं नाही. नाही म्हणणाऱ्याला “मग तू पताका धर” असं मागच्या दाराने आत आणायचं नाही. फोटो सगळं संपल्यावर, आणि तोही मुलं पांगायच्या आत जमला तर. वरिष्ठांना शेवटचा नियम पटायचा नाही.

एक गोष्ट मात्र कायद्यातही नाही: पालक हो म्हणाले आणि मूलच नाही म्हणालं तर? कायदा पालकाची संमती मोजतो. मी मुलाचीही मोजायचे. एका नाताळला दुसरीतली एक मुलगी मरिया व्हायला तयार होईना. हिंदू घरातली होती, आईने आनंदाने होकार दिला होता, निळी ओढणीसुद्धा आणून दिली होती. मला वाटलं, घरात कोणी काही बोललं असेल, आजी असेल, शेजारीपाजारी असतील. बाजूला घेऊन विचारलं. “मला बाळ नको सांभाळायला,” ती म्हणाली. “घरी आहे एक. दिवसभर मीच घेते. खूप रडतंय.”

मग ती मेंढरू झाली. ओढणी दुसऱ्या एका मुलीला दिली, आणि बाहुली कशी धरायची, मानेखाली हात कसा घालायचा, ते या मेंढरानेच तिला दाखवलं.